वरून भरलेली बाटली

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी तीस खाटांचं एक सरकारी रुग्णालय आहे. गावाचं नाव सांगत नाही. जे तिथं झालं ते कुठंही होऊ शकलं असतं, आणि कुठं कुठं होतही असावं. तिथल्या इन्चार्ज सिस्टर म्हणजे कुंदा तोताराम झोपे. वय चोपन्न. आडनावावरून पहिली दोन वर्षं लोकांनी विनोद केले. "सिस्टर, झोपे का?" असं कुणी विचारलं की कुंदाताई "हो" म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. ऐकणारा हसत नसला की विनोद फार दिवस टिकत नाही.

त्या मूळच्या रावेरकडच्या, केळी करणाऱ्या घरातल्या. वडिलांच्या, तोताराम आबांच्या, मळ्यात काही वाया जात नसे. घड बाजारात जायचे, पानं पंगतीला, खोड गुरांपुढे, आणि वाळलेल्या सालपटाचे दोर व्हायचे. हाच स्वभाव घेऊन कुंदाताई नर्सिंगला गेल्या. वॉर्डात त्यांनी कापूस मोजून दिला, हातमोजे मोजून दिले आणि नको तिथला दिवा स्वतः जाऊन बंद केला. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या मुली त्यांना घाबरायच्या, पण बदली मागायच्या नाहीत. ज्या वॉर्डात सगळं जागच्या जागी सापडतं तिथून सहसा कुणी जात नाही.

करोना ओसरल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. जुलैत बुधीबाईचं सिझर झालं. बुधीबाई डोंगरातल्या पाड्यावरची, बावीस वर्षांची, पहिलटकरीण. मुलगी झाली. सातव्या दिवशी ती घरी गेली आणि अकराव्या दिवशी नवरा नवल तिला मोटारसायकलवरून परत घेऊन आला. पोटावरची जखम दोन ठिकाणी उघडली होती. पट्टीवर हिरवट पू होता आणि त्याला गोडसर वास येत होता.

रुग्णालयाचे अधीक्षक डॉक्टर हेमराज बडगुजर यांनी पट्टी उचलून पाहिली. पट्टीखाली पाल्याचा चोथा होता.

"हे काय लावलंय?"

"आईनं पाला लावला," नवल म्हणाला. "पाणी यायला लागलं, तेव्हा."

'तेव्हा' हा शब्द कुणी ऐकला नाही. कुंदाताईंनी केसपेपरवर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'नातेवाईकांनी घरगुती लेप लावल्यामुळे जंतुसंसर्ग.' मग त्या बुधीबाईला म्हणाल्या, "एवढं समजावून घरी पाठवलं, तरी पाला लावता? जीव नकोसा झालाय का?" हे त्या वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, कारण सगळ्यांनीच ते ऐकावं असं त्यांना वाटत होतं. बुधीबाई भिंतीकडे पाहत राहिली. नवलनं टोपी काढून हातात घेतली.

दोन आठवड्यांनी भूमिका सिझरला आली. ही गावातल्याच एका केळीवाल्या पाटलांची सून, बीएस्सी झालेली. तिच्या सासूनं बाळंतिणीचे कपडे उकळून, वर इस्त्री करून दिले होते. त्या घरात पाला फक्त गुरांना मिळायचा. तरी आठव्या दिवशी तिच्या पट्टीवर तोच हिरवा रंग आणि तोच वास.

"पावसाळा आहे," डॉक्टर म्हणाले.

त्याच आठवड्यात चोपड्याच्या एका कारकुनाची सिझर झालेली बायको तशीच जखम घेऊन परत आली.

"दमट हवा," डॉक्टर म्हणाले. कक्षसेवक चिंधामामांचं मत अमावास्येवर पडलं. हवेवर आणि अमावास्येवर कारवाई करता येत नसल्यामुळे दोन्ही कारणं सगळ्यांना सोयीची होती.

कुंदाताईंना ती पटली नाहीत. त्यांनी शस्त्रक्रियागृह दोन दिवस बंद ठेवून घासून घेतलं. अवजारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र तपासायला जळगावहून माणूस बोलावला. यंत्र उत्तम आहे, असं तो सांगून गेला. मग त्या शस्त्रक्रियेआधी हात धुवायच्या बेसिनजवळ उभ्या राहिल्या. डॉक्टर बडगुजर आले, त्यांनी हात धुतले आणि वळले.

"नऊ सेकंद," कुंदाताई म्हणाल्या.

"सिस्टर, तुम्ही माझ्यावर घड्याळ लावताय?"

"भिंतीवरचंच आहे, सर."

डॉक्टरांनी पुन्हा हात धुतले. या वेळी बराच वेळ धुतले.

शस्त्रक्रियागृह आता सरकारी रुग्णालयात असू शकतं तितकं स्वच्छ होतं, आणि त्याच वेळी पुना आबा आले. वय अडुसष्ट, साखरेचा त्रास. केळीचा घड उतरवताना विळा पायावर पडला होता. बाह्यरुग्ण विभागात सहा टाके घालून, एक दिवसाआड पट्टीला यायचं सांगून त्यांना घरी पाठवलं होतं. तिसऱ्या पट्टीला आले तेव्हा करंगळीजवळ हिरवा पू होता.

पुना आबा शस्त्रक्रियागृहात कधी गेलेच नव्हते. ते त्या बाजूच्या व्हरांड्यातसुद्धा गेले नव्हते, कारण तिकडे चपला काढाव्या लागतात आणि त्यांना वाकता येत नव्हतं.

कुंदाताईंनी एक कोरा कागद घेतला. त्यावर चार नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे लिहिलं: कुठं झोपले, कुणी शिवलं, कोणत्या डब्यातला कापूस, कोणत्या सिस्टरची पाळी. काहीच जुळेना. चौघांत एकच गोष्ट सारखी होती. चौघांचीही पट्टी ड्रेसिंगच्या खोलीत बदलली होती, दाराजवळच्या त्या एका टेबलावर.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत स्टूल टाकून बसल्या. पट्ट्या बदलायला डिंपल सिस्टर होती, नोकरीला लागून तिसरं वर्ष. इन्चार्ज बाई कोपऱ्यात नुसत्या बसून राहिल्यावर जे होतं ते तिचं झालं. पहिला चिमटा हातातून पडला. पण तिनं तो बाजूला टाकून दुसरा घेतला, हात नीट धुतले, मोजे बदलले, जखमेला बोट लावलं नाही. तीन दिवस कुंदाताईंनी पाहिलं. चूक सापडेना. पुस्तकात आहे तसंच सगळं चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी डिंपलनं कापूस भिजवायला टेबलावरची तपकिरी बाटली उचलली. जखम पुसायचं जंतुनाशक त्यात असायचं. बाटली अर्ध्याच्या खाली गेली होती. तिनं हाक मारली, चिंधामामा पाणी मिसळून ठेवलेल्या औषधाचा मोठा कॅन घेऊन आले आणि त्यांनी बाटली वरून भरून ठेवली.

"मामा," कुंदाताईंनी विचारलं, "ही बाटली शेवटची कधी धुतली?"

चिंधामामांनी विचार केला. त्यांचं गाव धुळ्याकडचं, आणि बत्तीस वर्षं नोकरी करूनही बोली त्यांनी बदलली नव्हती.

"धुवाले ती रिकामी व्हवाले पाहिजे ना ताई. ती रिकामी व्हसच नही. निम्मी व्हयनी का मी वरतून भरी देस."

"कधीपासून?"

"तुम्हीनच सांगेल व्हतं. उरेल औषध फेकू नका, त्याच्यावरच भरा. अकरा वरीस व्हयी गयात."

कुंदाताईंना आठवलं. त्या वर्षी जंतुनाशकाचा पुरवठा तीन महिने आला नव्हता. रोज संध्याकाळी बाटलीतलं उरलेलं ओतून द्यायचा नियम होता. त्या वेळी त्या इथं नव्यानं इन्चार्ज झाल्या होत्या. उरलेलं ओतू नका, असं त्यांनी सांगितलं. पुरवठा पुढं सुरळीत झाला. सूचना मागं घ्यायची राहून गेली. त्या वर्षीच्या परिचारिका दिनाला काटकसरीबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता.

त्यांनी बाटली उचलून मोरीत उपडी केली. शेवटी तळातून काहीतरी घसरत आलं, शेवाळासारखं पातळ, बुळबुळीत. डिंपलनं "अगंबाई" म्हटलं. बाटली पूर्ण रिकामी होण्याआधी कुंदाताईंनी शेवटचा घोटभर द्रव निर्जंतुक डबीत घेतला, झाकण लावलं आणि वर तारीख लिहिली. दुसऱ्या डबीत चिंधामामांच्या हातातल्या कॅनमधलं घेतलं. तिसऱ्या डबीसाठी कोठारातून नवा, सील न फोडलेला कॅन आणवला.

या डब्या आणि चौघांच्या जखमांतल्या पुवाचे नमुने धुळ्याला प्रयोगशाळेत पाठवायला अधीक्षकांची सही लागत होती.

"सिस्टर," डॉक्टर बडगुजर कागद वाचून म्हणाले, "हे जंतुनाशक आहे. यात जंतू शोधायचे म्हणजे साबणाला मळ लागलाय का ते पाहण्यासारखं आहे."

"साबणालाही लागतो, सर. आपण वरचा थर धुऊन टाकतो, म्हणून दिसत नाही."

डॉक्टरांनी सही केली. कुंदाताईंशी वाद घालण्यापेक्षा सही लवकर होते, हे त्यांना सहा वर्षांत कळलं होतं. ड्रेसिंगची खोली त्या दिवसापासून बंद झाली. पट्ट्या लहान सीलबंद बाटल्यांवर सुरू झाल्या. एकदा उघडलेली बाटली संध्याकाळी फेकायची, तीत कितीही उरलेलं असो. पहिल्या संध्याकाळी कुंदाताईंनी ती स्वतः ओतली. ओतताना हात जरा थांबला, असं डिंपल सांगते.

सहाव्या दिवशी अहवाल आला. बाटलीत जंतू होते, आणि चारही जखमांतून घेतलेल्या नमुन्यांत तेच जंतू होते. वापरातल्या कॅनमध्ये थोडे होते, सीलबंद कॅनमध्ये एकही नव्हता. प्रयोगशाळेच्या बाईंनी फोनवर समजावून सांगितलं: पाणी मिसळून पातळ केलेल्या औषधात हे जंतू तग धरतात, जुन्या थरावर नवं ओतत राहिलं की तळाशी घर करतात, आणि मग कापसावरून थेट जखमेत जातात. "तुम्ही पहिल्या नाही, सिस्टर," त्या म्हणाल्या. त्यानं कुंदाताईंना बरं वाटायला हवं होतं.

त्या दुपारी कुंदाताई जुन्या नोंदवह्या घेऊन बसल्या. अकरा वर्षांत चिघळलेल्या जखमा किती, ते त्यांना पाहायचं होतं. प्रत्येकीपुढे कारण लिहिलेलं होतं. 'अस्वच्छता.' 'मधुमेह.' 'वेळेवर न आल्याने.' 'घरगुती लेप.' बरीचशी अक्षरं त्यांचीच होती. यातल्या किती त्या बाटलीच्या आणि किती खरोखर मधुमेहाच्या, हे आता कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नव्हती. पाच वर्षं मागं गेल्यावर त्यांनी वही मिटली. त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडता घरी गेला. डबा तसाच परत येण्याची ती त्यांच्या नोकरीतली पहिलीच वेळ, असं त्यांचे यजमान सांगतात.

दुसऱ्या दिवशी त्या अहवाल घेऊन अधीक्षकांच्या खोलीत गेल्या.

"बाटल्या बदलल्या ना? मग झालं," डॉक्टर म्हणाले.

"जिल्ह्याला कळवावं लागेल, सर."

"कळवू. लिहा, पुरवठ्यातलं औषध सदोष."

"सीलबंद कॅन स्वच्छ निघाला आहे."

"मग लिहा, कर्मचाऱ्यांचा हलगर्जीपणा."

"कर्मचाऱ्यांनी सांगितलं तसंच केलं. सांगितलं मी."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "झोपे सिस्टर, चार वर्षांनी तुम्ही निवृत्त होणार. कशाला?"

कुंदाताईंनी आधीच लिहून आणलेला कागद पुढे सरकवला. चार ओळी होत्या. अकरा वर्षांपूर्वी जंतुनाशकाच्या बाटल्या रिकाम्या न करता वरून भरण्याची सूचना मी दिली. त्यामुळे चार रुग्णांच्या जखमांत संसर्ग झाल्याचे दिसते. आधीच्या रुग्णांबाबत सांगता येत नाही. सूचना रद्द केली आहे. खाली सही.

कागद दोन दिवस डॉक्टरांच्या खणात राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यावर 'सादर' लिहिलं. थोडं थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली: 'या कालावधीत सहा वर्षे देखरेखीची जबाबदारी माझी होती.' मग कागद टपालासाठी बारनिशीत पाठवून ते पेशंट तपासायला गेले, आणि त्या दिवशी सगळ्यांवर ओरडले.

जिल्ह्याहून 'कारणे दाखवा' नोटीस आली. कारणं कुंदाताईंनी आधीच दाखवली होती. त्यांनी उत्तर लिहिलं: 'दिनांक सोळाच्या पत्राप्रमाणे.'

आता जाऊन सांगायची चार घरं राहिली होती. भूमिकाच्या सासऱ्यांनी टेबलावर हात आपटला, वर्तमानपत्रात देतो म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही सांगायला आल्या नसत्या तर आम्हाला कळलंही नसतं." यात त्यांना राग जास्त आला होता की आश्चर्य जास्त वाटलं होतं, ते समजलं नाही. कारकुनाच्या बायकोनं दार उघडलं, ऐकून घेतलं आणि लावून घेतलं. पुना आबांची करंगळी तोवर जळगावला काढावी लागली होती. ते खाटेवर बसून ऐकत होते. कुंदाताईंचं बोलणं संपल्यावर म्हणाले, "बोट गये. पाय ते शे ना." मग सुनेला चहा टाकायला सांगितलं. तो चहा पिणं कुंदाताईंना जड गेलं.

बुधीबाईचा पाडा सगळ्यात लांब. गाडीरस्ता संपल्यावर पाऊण तास चालायचं होतं. सोबत पाड्यावरचीच आशा कार्यकर्ती रोशनी होती, बोली समजावून सांगायला. वाटेत रोशनीनं जे सांगितलं ते कुंदाताईंना ठाऊक नव्हतं. बुधीबाईची सासू पाड्यात पाल्यामुळ्याचं औषध द्यायची. दवाखान्यातल्या बाईनं सगळ्यांसमोर सांगितलं की सासूच्या पाल्यानं पोट सडलं. ते पाड्यात बुधीबाईच्या आधी पोचलं होतं. तेव्हापासून म्हातारीकडे कुणी येत नव्हतं, आणि तिनं स्वतःही नातीला हात लावणं सोडलं होतं. पोर रडली तरी ती उठून बाहेर जाऊन बसायची.

बुधीबाई ओसरीत मुलीला पाजत होती. जखम भरत आली होती. सिस्टर आल्या म्हणताच तिनं पदर ओढून पोट झाकून घेतलं, जणू पुन्हा काही चुकलं होतं. नवल शेतातून धावत आला. म्हातारी दाराबाहेर, भिंतीला टेकून बसली होती. ती आत आली नाही.

कुंदाताई ओसरीत गेल्या नाहीत. त्या म्हातारीसमोर जमिनीवर बसल्या. पिशवीतून बुधीबाईचा केसपेपर काढला, स्वतः लिहिलेली ती ओळ दाखवली आणि खोडली. बाजूला सही केली. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण खोडलेलं कळत होतं.

"तुमच्या पाल्यानं झालं नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या दवाखान्यातल्या औषधानं झालं. ते औषध तसं ठेवायला मीच सांगितलं होतं. तुम्हाला मी उगाच बोलले."

रोशनीनं सांगितलं. म्हातारीनं काही विचारलं. रोशनी घुटमळली.

"काय म्हणतात?"

"त्या विचारतात, तुम्हाला कोण बोललं?"

"नोटीस आली."

नोटिशीला रोशनीकडे शब्द नव्हता. तिनं काहीतरी जुळवून सांगितलं. नंतर कुंदाताईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "कागदावर रागावले, असं सांगितलं."

म्हातारीनं मान हलवली. माणसांसमोर रागावणं आणि कागदावर रागावणं यांतला फरक तिला कळला असावा. तिनं आणखी एक प्रश्न विचारला, आणि या वेळी नवलनंच मराठीत सांगितला: "म्हणते, मग आता पाला लावू का?"

कुंदाताईंना हो म्हणणं त्या क्षणी सोपं होतं. त्या म्हणाल्या, "नाही. उघड्या जखमेवर काहीच लावायचं नाही. तुमचं पण नाही आणि आमचं जुनं पण नाही."

म्हातारी पहिल्यांदा हसली. तिचं उत्तर रोशनीनं जरा भीत भीतच सांगितलं. "त्या म्हणतात, तुमचं औषध खोटं निघालं. माझं अजून निघालेलं नाही."

कुंदाताई उठून शेजारच्या दोन घरी गेल्या आणि तिथंही तेच सांगितलं, त्याच आवाजात, जो वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जायचा. लोक गोळा झाले. परत निघताना त्यांनी मागं पाहिलं. म्हातारी अजून दाराबाहेरच होती, पण पोर तिच्या मांडीवर होती. बुधीबाईनं ठेवली की तिनं मागून घेतली, ते कुंदाताईंना दिसलं नाही.

नोटिशीचं पुढं काही झालं नाही. म्हणजे ती ताकीद होऊन सेवापुस्तकात गेली. मात्र हिवाळ्यात धुळ्याला संसर्ग नियंत्रणाचं प्रशिक्षण निघालं, जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या सिस्टरांचं, आणि ते घेणाऱ्या जिल्हा कार्यालयातल्या बाईंनी कुंदाताईंना बोलायला बोलावलं. जन्मात भाषण केलेलं नाही, असं त्यांनी कळवलं. भाषण नको, पत्रात लिहिलंय तेवढंच सांगा, असं उत्तर आलं. सकाळच्या एसटीनं निघाल्या. धुळ्याजवळचं सोनगीर गेलं तरी पहिलं वाक्य जुळत नव्हतं.

सभागृहात साठ-सत्तर जणी होत्या. सकाळपासून पडद्यावर चित्रं चालली होती आणि मागच्या रांगा पेंगत होत्या. कुंदाताई उठल्या, माईक बाजूला केला आणि म्हणाल्या, "मी कुंदा झोपे. माझ्या हातून झालेली चूक सांगते." पुढची सात मिनिटं त्यांनी बाटली, चार माणसं, अकरा वर्षं आणि एक करंगळी एवढंच सांगितलं. कुणाला दोष दिला नाही, उपदेश केला नाही. "उरलेलं ओतून द्यायचं," असं शेवटी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

टाळ्या वाजल्या नाहीत. तिसऱ्या रांगेतली एक सिस्टर उठली आणि फोन कानाला लावत दाराबाहेर गेली. दार लागायच्या आत तिचा आवाज आला: "अगं, ती ड्रेसिंगची बाटली... हो, तीच. आत्ता मोरीत रिकामी कर. नाही, आत्ता. मी फोनवर थांबते." मग आणखी एक उठली. मग मागच्या रांगेतल्या चौघी एकदम उठल्या.

"कुणाला काही शंका?" जिल्ह्याच्या बाईंनी माईकवरून विचारलं.

व्हरांड्यात आता बऱ्याच जणी फोनवर बोलत होत्या. सभागृहात उरलेल्यांपैकी एकीनं हात वर केला आणि रिकामी बाटली पुन्हा वापरायची असेल तर कशी धुवायची, ते विचारलं. कुंदाताई पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांना ते माहीत होतं, आणि त्यांनी ते सविस्तर सांगितलं.